डोक्यावरचा पाहुणा

भाच्याने हेल्मेट माझ्या हातात ठेवलं. "मामा, बघ. आता भूकंप झाला तरी कॅमेरा हलणार नाही."

मी बघितलं. हनुवटीवर काळा माउंट. त्याच्याखाली स्टेशनरीच्या दुकानातली, दोन्हीकडून चिकटणारी फोमची टेप. टेपच्या कडेने आधीच्या माउंटचा अर्धवट खरवडलेला गोंद. आणि एवढ्यावर भरवसा नव्हता म्हणून दोन स्क्रू. ॲक्सेसरीच्या दुकानदाराने ड्रिलने आरपार भोकं पाडून आतून नट आवळून दिले होते. मी आतलं कापडी अस्तर बाजूला केलं आणि बोट फिरवलं. थर्माकोलसारख्या पांढऱ्या थरातून बाहेर आलेलं स्क्रूचं टोक बोटाला लागलं. हेल्मेट घातल्यावर ते टोक आणि भाच्याची हनुवटी यांच्यात अंतर उरत होतं जेमतेम एक बोट.

"हे हेल्मेट आता बाद," मी म्हणालो.

"मामा! साडेचार हजारांचं आहे. दिवाळीत घेतलंय."

"म्हणूनच सांगतो. ते साडेचार हजार तू डोकं वाचवायला दिले होतेस. आता ते काम या हेल्मेटकडून होणार नाही."

ही टोचणी त्या दोन स्क्रूंसाठी. ते मारून घेणाऱ्यांसाठी आणि मारून देणाऱ्यांसाठीही.

रविवारी सकाळी सात वाजता ताम्हिणीत चहाच्या टपरीवर उभं राहा. दहा दुचाक्या येतात, त्यातल्या तीन-चार हेल्मेटांवर कॅमेरा असतो. कुणाच्या टाळूवर, कुणाच्या कानाशी, कुणाच्या हनुवटीवर. यातला प्रत्येक जण महिनाभर कॅमेऱ्यांची तुलना करत बसलेला असतो. फोरके की फाइव्हके, गोप्रो की डीजेआय की इन्स्टा३६०. पण कॅमेरा कुठे लावायचा याचा विचार दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत उरकलेला असतो. आणि मुळात तो कशासाठी हवा, हे बहुतेकांनी स्वतःला विचारलेलंच नसतं. हा क्रम उलटा आहे. आधी कशासाठी, मग कुठे, आणि सगळ्यात शेवटी कोणता.

आधी हेल्मेट समजून घेऊ. त्याचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते शोभेसाठी नव्हे. पडल्यावर डोकं रस्त्यावरून घसरत जावं, कुठे अडकू नये, यासाठी. घसरताना डोकं कशात अडकलं की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि सगळा पीळ मानेला बसतो. मेंदूला सरळ धक्क्याइतकाच हा गरकन फिरवणारा झटका घातक असतो. कवचाच्या आतला पांढरा थर, म्हणजे ईपीएस, चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तो चेपतो, धक्का पोटात घेतो, आणि हे काम तो एकदाच करू शकतो. त्या थरात लोखंडी स्क्रू घातला, की सगळीकडे पसरायला हवा तो मार एका टोकावर गोळा होतो.

युरोपच्या ईसीई २२.०६ या मानकाने या फिरत्या झटक्याची वेगळी चाचणी आणली आणि हेल्मेटसोबत मिळणाऱ्या ॲक्सेसरीज बसवून तपासणी करण्याची तरतूदही केली. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय खूण सक्तीची आहे, आयएस ४१५१ या मानकाची. ती खूण मिळवताना जे हेल्मेट आपटून तपासलं, त्याला भोकं नव्हती. ड्रिल लावलं त्या क्षणी त्या खुणेचा तुमच्या हेल्मेटशी संबंध संपला. केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ मध्येच सांगून टाकलं, की हेल्मेटवर कॅमेरा दिसला तर १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित. कोकणातून गोवा, कर्नाटक ओलांडून मुन्नारला निघणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवूनच बॅग भरावी.

आता ज्यांच्याकडे पैसा, तंत्र आणि अपघाताचा अनुभव या तिन्हींची कमतरता नाही, ते काय करतात ते पाहा. फॉर्म्युला वनने ड्रायव्हरच्या डोळ्यातून शर्यत दाखवायची ठरवली. २०२१ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फर्नांडो अलोन्सोने तो कॅमेरा पहिल्यांदा वापरला आणि २०२३ पासून तो सगळ्या ड्रायव्हरांना सक्तीचा झाला. तो हेल्मेटच्या बाहेर नाही. आतल्या अस्तरात, डोळ्याच्या पातळीवर, एवढासा भिंगाचा ठिपका. कवचाला बाहेरून काहीही चिकटवलेलं नाही. मोटोजीपीने रायडरच्या नजरेजवळचं दृश्य हवं म्हणून कॅमेरा चामडी सूटच्या खांद्यात बसवला.

विमानातून उडी मारणाऱ्यांचं बघा. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस अशी, की २०० उड्या पुऱ्या होईपर्यंत अंगावर कॅमेरा घेऊन उडी मारू नये, मग तो कितीही छोटा असो. कारणं दोन. पॅराशूटची दोरी कॅमेऱ्यात अडकू शकते, आणि नवशिक्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं की उंचीचं भान सुटतं. आपल्या घाटात नवीन बाइक घेऊन पहिल्याच महिन्यात व्हिडिओ करायला निघालेल्या पोरांना हे दुसरं कारण जसंच्या तसं लागू आहे. आधी रस्ता अंगात मुरू द्या.

मायकेल शूमाकरची गोष्ट या संदर्भात नेहमी निघते. २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्सच्या मेरिबेलमध्ये स्कीइंग करताना तो पडला आणि त्याचं डोकं खडकावर आदळलं. हेल्मेटवर कॅमेरा होता. पुढे कितीतरी महिने चर्चा चालली, की कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का. त्याचा निकाल मी देणार नाही. पण त्याच कॅमेऱ्यातलं चित्रण तपास अधिकाऱ्यांनी बघितलं आणि शूमाकर बेफाम वेगात नव्हता हे स्पष्ट झालं. डोक्यावरची एकच वस्तू. तिच्याबद्दल शंकाही निघाली, आणि साक्षही तिनेच दिली. म्हणून मी कॅमेरा नकोच असं म्हणत नाही. तो डोक्यावरचा पाहुणा आहे, यजमान नाही, एवढंच म्हणतो.

तर पहिला प्रश्न. कशासाठी?

माझ्या हिशेबाने उत्तरं तीनच आहेत. आठवण, पुरावा किंवा शिकणं. आणि गंमत म्हणून नव्हे, अगदी तंत्राच्या अंगाने सांगतो, या तिन्हींना लागणाऱ्या गोष्टी एकमेकांच्या उलट असतात. एकाच कॅमेऱ्याने, एकाच जागी लावून तिन्ही साधायला जाल तर तिन्ही अर्धवट राहतील.

आठवण घेऊ. पावसाळ्यात वरंधा घाट उतरताना आपण जे पाहिलं ते घरी आईला दाखवायचं आहे. इथे चित्र डोळ्याला सुखद हवं. सुखद म्हणजे थोडं पुसट. झाडं, कठडे मागे पळताना किंचित फराटल्यासारखे दिसले, की वेग जाणवतो. त्यासाठी शटर सावकाश ठेवायचा, साधारण सेकंदाला जितक्या फ्रेम त्याच्या दुप्पट. २५ फ्रेमला एक पन्नासांश सेकंद. भर उन्हात एवढा वेळ शटर उघडा ठेवला तर चित्र पांढरं पडतं, म्हणून भिंगावर एनडी फिल्टर लावायचा. तो कॅमेऱ्याचा काळा चष्मा.

मग हादरे. हँडलवर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र जेलीसारखं लिबलिबतं आणि हेल्मेटवरचं शांत दिसतं, असं का? इंजिनाचा थरकाप हँडलवर थेट येतो. तोच थरकाप सीटवरून कण्यात, कण्यातून मानेत आणि मानेतून डोक्यापर्यंत पोचतो तोवर शरीराने पुष्कळसा गिळलेला असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. एक ओळ वाचून दुसरी वाचेपर्यंत कॅमेरा थरथरला तर सरळ खांब नागमोडी दिसतो. स्टॅबिलायझेशन मोठे हेलकावे काढून टाकतं. कॅमेऱ्यातला गायरो प्रत्येक हालचाल मोजतो आणि त्या हिशेबाने चित्राच्या कडा कापून मधला भाग स्थिर धरतो. हा बारीक, जलद थरकाप मात्र त्याच्या हाती लागत नाही. शिवाय अंधार पडल्यावर शटर सावकाश होतो, प्रत्येक फ्रेम आधीच फराटलेली असते, आणि स्थिर केलेलं चित्रही धूसर धक्के मारत राहतं. संध्याकाळच्या राइड जास्त असतील तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. तिथे डीजेआयच्या ॲक्शन ४ मधला १/१.३ इंचाचा सेन्सर आकड्यांच्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येतो.

इथेच एक सूचना. कॅमेऱ्याचे पैसे वाचवायला मोबाइल हँडलच्या क्लॅम्पला लावून चित्रण करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच जाहीर केलं होतं, की ताकदवान मोटरसायकलच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली हलती भिंगं बिघडू शकतात. ज्या फोनमध्ये भिंग अधांतरी तोलून स्थिरता आणली आहे, त्या प्रत्येक फोनला हा धोका आहे. ॲक्शन कॅमेऱ्यात सहसा असा हलता भाग नसतो. वीस हजार वाचवायला जाऊन साठ हजारांचा फोन घालवलेले मित्र माझ्याकडे दोन आहेत.

आता पुरावा. रोज चाकण किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने दुचाकीवर कामाला जाणारा माणूस. उद्या कुणी मागून ठोकलं तर सांगता यावं, चूक कुणाची, म्हणून त्याला कॅमेरा हवा आहे. याला सुखद चित्र नको, स्पष्ट चित्र हवं. साधा हिशेब करा. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. शटर एक पन्नासांश सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात ती फूटभर पुढे गेलेली असते. समोरून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट वाचता येणार कशी? तोच शटर एक हजारांश केला तर हे अंतर पावणेदोन सेंटिमीटरवर येतं. म्हणजे आठवणीसाठी जो एनडी फिल्टर लावायचा, तोच पुराव्यासाठी काढून ठेवायचा. तसंच भिंगाचं. खूप रुंद कोन घेतला की वेग जास्त वाटतो, पण समोरचा सगळा प्रदेश आक्रसतो. सह्याद्रीचा कडा टेकडीएवढा होतो आणि दहा मीटरवरची नंबरप्लेट मुंगीएवढी. पुराव्यासाठी कोन आवरता घ्या.

आणि हे मी ठासून सांगतो. फक्त पुराव्यासाठी कॅमेरा हवा असेल तर तो हेल्मेटवर लावूच नका. मागून बसणारी धडक हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तुम्ही डावीकडे बघत असताना उजवीकडून आलेला ट्रकही दिसत नाही. ॲक्शन कॅमेऱ्याची बॅटरी साधारण सव्वा-दीड तासात संपते. दुचाकीसाठीचा डॅशकॅम मिळतो. पुढे एक, मागे एक भिंग, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, चावी फिरवली की आपोआप सुरू होणारा. गाडीला बसवा आणि डोकं मोकळं ठेवा.

पुरावा असेल तर तो टिकवायला शिका. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. चुकीची तारीख असलेलं चित्रण समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात खाली पाडेल. लूप रेकॉर्डिंग चालू असेल तर जुन्या चित्रणावर नवीन चढत जातं. अपघातानंतर आधी माणूस बघा, मग लगेच कॅमेरा बंद करून कार्ड काढा. कापाकापी करू नका, गाणं लावू नका, नाव बदलू नका. मूळ कार्ड जपून ठेवा. कोर्टात काय चालतं याचा मोठा धडा आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातूनच निघाला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. मात्र मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून मूळ उपकरणच हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. १ जुलै २०२४ पासून ही प्रमाणपत्राची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून झिजलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे.

आणि कॅमेरा फक्त तुमच्याच बाजूने बोलत नाही. हनुवटीवरच्या कॅमेऱ्यात तुमचा स्पीडोमीटरही येतो. तुम्ही ८० वर होतात हेही तोच सांगेल. ज्याला हे मान्य नाही त्याने पुरावा गोळा करायच्या गोष्टी करू नयेत.

तिसरं, शिकणं. याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला भारताविरुद्धच्या कसोटीत इंग्लंडचा ऑली पोप शॉर्ट लेगला हेल्मेटवर कॅमेरा लावून उभा होता. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभं राहून चेंडू कसा येतो, हे आपण घरबसल्या पाहिलं. तीच दृष्टी शिवाजी पार्कच्या नेटमध्ये पोराला देता येते. सायकलवाल्याला वळणावर आपली नजर कुठे असते ते कळतं. घाटात बाइक शिकणाऱ्याला दिसतं, की आपण वळणाच्या टोकाकडे बघायचं सोडून समोरच्या खड्ड्याकडे बघत होतो, आणि गाडी नजरेमागे तिकडेच गेली.

पण शिकण्यासाठी हेल्मेटवरचा कॅमेरा अर्धंच काम करतो. नजर कुठे गेली ते तो दाखवतो, हात-पाय काय करत होते ते नाही. त्यासाठी छातीवरचा पट्टा. ब्रेकवरची बोटं, क्लच सोडण्याची वेळ, हँडलवरची पकड तिथून दिसते. सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या तर २५ फ्रेमच्या गतीने तो क्षण पावणेपाच पट सावकाश बघता येतो. प्रस्तरारोहणात तर डोक्यावरचं चित्रण बघवत नाही, कारण चढणारा सारखा वर-खाली मान फिरवत असतो आणि बघणाऱ्याला भोवळ येते. तिथेही छातीच बरी. किंवा खाली जमिनीवर पाय पक्के रोवून उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला तरी शूट करू द्या. दोर धरणाऱ्याच्या हातात कॅमेरा देऊ नका.

ॲक्शन कॅमेऱ्याचा जन्मही डोक्यावर झालेला नाही, हे सांगायला हवं. निक वुडमन या अमेरिकन तरुणाला लाटांवर सर्फिंग करताना स्वतःचे फोटो हवे होते. २००४ मध्ये त्याचा पहिला गोप्रो बाजारात आला तो ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, मनगटाला पट्ट्याने बांधायचा कॅमेरा. लाटेत पडलं तर मनगटाला काय होईल आणि मानेला काय होईल, यातला फरक तेव्हा न सांगता पाळला गेला होता.

आता जागा. दुचाकीवर हेल्मेटवरच लावायचा असेल तर हनुवटी सगळ्यात कमी वाईट. दृश्य डोळ्याच्या रेषेत येतं, हँडल दिसतं, वारा कमी लागतो. टाळूवर लावलेला कॅमेरा वाऱ्यात शिडासारखा मान मागे ओढतो आणि पडल्यावर पहिला तोच अडकतो. कानाशी लावला तर वजन एकाच बाजूला, आणि मागे वळून बघताना प्रत्येक वेळी वारा मान पिळतो. गोप्रो किंवा डीजेआयचा आजचा कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे. ऐकायला काहीच नाही. ताम्हिणीतून माणगाव, पुढे महाडवरून वरंधा असा फेरा मारून संध्याकाळी घरी आल्यावर मानेला विचारा. इन्स्टा३६० चा गो ३ फक्त ३५ ग्रॅमचा आहे. चित्र मोठ्या कॅमेऱ्याइतकं खोल नाही, पण हेल्मेटसाठी मी तोच आधी सुचवेन. हलकं आणि छोटं, हे इथे चित्राच्या दर्जाच्या आधी येतं. दोन्हीकडे फुगीर भिंगं असलेला ३६० अंशांचा कॅमेरा मात्र दांडीवर ठेवा, डोक्यावर उभा करू नका.

चिकटवायचं कसं? भोक नाही, स्क्रू नाही, फेव्हिक्विक नाही. कवचाच्या वळणाला जुळणारा वक्र पॅड घ्या. जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, पॅड दाबून बसवा आणि २४ तास हात लावू नका. या पॅडचा गोंद लगेच चिकटल्यासारखा वाटतो, पण पूर्ण ताकद यायला वेळ लागतो. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे निघालेला माझ्याच गटातला एक जण कशेडीच्या अलीकडे कॅमेरा गमावून बसला. मागच्या बाइकच्या चाकाखाली तो गेला नाही, हे नशीब. जोराचा मार बसला तर पॅड सुटलाच पाहिजे. कॅमेरा गेला तरी चालेल, मान अडकता कामा नये. म्हणून "अजिबात हलणार नाही" ही हेल्मेटवरच्या माउंटची स्तुती नसून दोष आहे. सुटलेला कॅमेरा रस्त्यावर उडू नये म्हणून छोटी दोरी बांधतात, तीही झटक्याने तुटेल अशीच हवी. कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यात राफ्टिंग करताना तर हे दुप्पट लागू. पाण्यात दोरी फांदीत अडकली तर ती कॅमेरा वाचवत बसेल आणि तुम्हाला खाली धरून ठेवेल.

बाकीचं झटपट. फोरकेत सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघून, खात्रीच्या दुकानातूनच घ्या. स्वस्त नकली कार्डावर राइड संपल्यावर कळतं, की चित्रण अर्ध्यातच थांबलं होतं. आपल्या विजेची आवर्तनं ५० हर्ट्झ आहेत. बोगद्यात आणि रात्रीच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर अँटी-फ्लिकर ५० वर ठेवा. आवाज हवा असेल तर माइक हेल्मेटच्या आत, तोंडाजवळच्या फोममध्ये बसवा. बाहेरच्या माइकवर फक्त वारा ऐकू येतो. गोप्रो बिनकेसचा १० मीटर पाण्यात चालतो, पण चार्जिंगसाठी झाकण उघडलंत की साध्या सरीतही पाणी आत जातं. तारकर्लीला पाण्याखाली गेलात तर लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, तिथे लाल फिल्टर लागतो. एप्रिलच्या उन्हात सिग्नलला थांबलं की वाऱ्याविना कॅमेरा तापतो आणि बंद पडतो. थांबलात की रेकॉर्डिंग थांबवा.

आणि चालत्या गाडीवर कॅमेऱ्याला हात लावू नका. ६० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली तर तुम्ही ३३ मीटर न बघता गेलेले असता.

शेवटची टोचणी सगळ्यात खोल जाऊ दे. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर एक तरुण मोटोव्लॉगर गेला. ताशी ३०० चा वेग गाठून दाखवणार, असं त्याने प्रेक्षकांना सांगितलं होतं. त्याचं वय, त्याचं घर, त्याची आई, यांचा विचार मनातून जात नाही. कॅमेरा चालू झाला की माणूस थोडा बदलतो. एरवी जिथे ओव्हरटेक केलं नसतं तिथे करतो. वळण थोडं जास्त झुकून घेतो. बघणारे आहेत, हे मनात कुठेतरी असतं. हे माझ्याही बाबतीत खरं आहे आणि तुमच्याही. म्हणून माझा साधा नियम आहे. घाटाच्या अवघड टप्प्यात कॅमेरा बंद. जिथे सगळं लक्ष रस्त्याला द्यायचं, तिथे प्रेक्षक सोबत घ्यायचे नाहीत. टपरीवर चहा देणारी बाई, रस्त्याकडेला खेळणारी पोरं यांच्यासमोरही कॅमेरा बंद, किंवा आधी विचारून चालू. त्यांचा चेहरा आपल्या चॅनेलचा माल नाही.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला फक्त विचारलं, "तुला कशासाठी हवाय?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पांना दाखवायचंय. त्यांचा गुडघा बदललाय ना, आता मागे बसवत नाही त्यांना. आम्ही दोघं दरवर्षी हरिहरेश्वरला जायचो, तो रस्ता."

उत्तर एवढंच हवं होतं. त्यासाठी फाइव्हके नको, टाळूवरचा शेंडा नको, दोन स्क्रू तर नकोतच. ते हेल्मेट आम्ही दोघांनी मिळून पट्ट्या कापून टाकून दिलं, दुसऱ्या कुणी घालू नये म्हणून. त्याने आधी नवीन हेल्मेट घेतलं आणि उरलेल्या पैशांत एका मित्राचा वापरलेला, छोटासा कॅमेरा.

काल रात्री त्याचा फोन आला. "मामा, पॅड चिकटवलाय. स्पिरिटने पुसून, वाळवून."

"मग? उद्या सकाळी निघतोस?"

"नाही. परवा. उद्याचा दिवस पॅडला देतो."